जकात नाक्यापुरतं हँडल

लागारेताने आमची वाट बुजवली त्या दिवशी मी दुकानाच्या दारात उभा राहून त्याला इतक्या शिव्या घातल्या, की समोरच्या पावाच्या दुकानातल्या आदेलाने खिडकी लावून घेतली. आणि आदेला काही नाजूक बाई नाही. निम्म्या शिव्या मी तिच्याकडूनच शिकलोय.

माझं सायकलींचं दुकान आहे. नाव वेन्सेस्लाओ, पण राडाल गावात मला सगळे वेन्चो म्हणतात. मागून काय म्हणतात ते सोडा. गावाच्या वरच्या अंगाने जंगलात शिरून खाली कुरी तलावापर्यंत जाणारी सायकलवाट मी आणि सेलेस्तीनो नाहुएलपानने खणली. कुदळ, फावडं आणि दोन पाठी, बस. उन्हाळ्यात राख एवढी उडायची की सेलेस्तीनो घरी गेला की त्याची बायको त्याला अंगणातच झाडूने झटकायची. कुठला तरी ज्वालामुखी फुटला की इथे वर्षानुवर्षं राखच माती असते. तरी आम्ही वळणं बांधली, दगड रचले, पाणी जायला चर काढले. तलावावर उतरायला गावाला दुसरी वाट नाही. बाकी सगळा काठ कुणाकुणाच्या कुंपणात गेलाय.

जमीन एका म्हातारीची होती. तिची अट एकच. फाटक जसं दिसलं तसं ठेवून जा, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. म्हातारी गेली, पुतण्यांनी जमीन राजधानीतल्या या लागारेताला विकली. त्याने पहिल्या आठवड्यात फाटकाला कुलूप घातलं. दुसऱ्या आठवड्यात छोटं खोदायचं यंत्र आणून वरपासून खालपर्यंत वाट नांगरली, वर ओंडके टाकले, बांबू आडवा केला. आणि तिसऱ्या आठवड्यात, हाताची घडी घालून, म्हणाला की इथे कधी वाट नव्हतीच.

आमच्याकडे कायदा असा आहे की लोक कितीतरी वर्षं एखाद्या वाटेने पाण्यावर जात असतील, तर मालकाला ती बंद करता येत नाही. मग काय, प्रश्न एवढाच उरला. वाट होती की नव्हती.

तुम्ही म्हणाल सोपं आहे. गावाला विचारा. इथेच तर आमची गोची होती.

जंगलात वाट खणणाऱ्यांची एक रीत असते, वाटेचं तोंड साफ करायचं नाही. सुरुवातीचा तुकडा जसा आहे तसा रानटी ठेवायचा. सायकल खांद्यावर घ्यायची, दगडांवरून पाय टाकत बांबूत घुसायचं, आणि आत गेल्यावर वाट सुरू. त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला काही दिसत नाही. एकतर जंगल खात्याची भीती, आणि दुसरं म्हणजे भाड्याच्या सायकली घेऊन येणारे ते उन्हाळी पाहुणे. एकदा त्यांना वाट कळली की संपलं. आम्ही तोंड इतकं छान लपवलं होतं की सेलेस्तीनोचा स्वतःचा जावई दोनदा चुकला.

मी त्याच्याही पुढे गेलो होतो. शेजारी एक खोटं तोंड केलं होतं, अगदी झाडून पुसून, बाण रंगवून. बाणामागे गेलं की वाट मस्त वळणं घेत घेत सरळ रानगुलाबाच्या काट्यांत. पाहुणे ढकलत ढकलत परत यायचे, दोन्ही चाकं पंक्चर, आणि पंक्चर काढायला गावात दुकान एकच. शिवाय माहिती केंद्रातल्या पोरीला मी सांगून ठेवलं होतं, त्या बाजूला वाटबिट काही नाही, नुसती दलदल आणि पिवळ्या गांधीलमाश्या.

तर तालुक्याला सुनावणी होती. लागारेताच्या वकिलाने पहिला साक्षीदार कोणाला बोलवावं? त्या पोरीला.

"त्या बाजूला वाट आहे का?" वकील.

पोरगी माझ्याकडे बघून लाल झाली. "नाही असं सांगितलंय."

"कोणी?"

"वेन्चोकाकांनीच. दर उन्हाळ्यात येऊन सांगतात."

मला वाटलं जमीन फाटावी. जजबाई एचार्त चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"तो बाण तुमचा?" त्यांनी विचारलं.

"कुठला बाण, डॉक्टोरा?" आमच्याकडे जजबाईंना असंच म्हणायचं.

"रानगुलाबाकडे नेणारा. मी नवीनच वकिली करत होते तेव्हा गेले होते त्याच्यामागे. पोटरीवर खूण आहे अजून."

मला हसू आवरेना. सेलेस्तीनोने बाकाखाली माझ्या पायावर बूट ठेवला आणि तसाच दाबून धरला.

दुसरा साक्षीदार रुफीनो. लागारेताचा मुकादम. आता ऐका, हा रुफीनो आमच्या गावचा. मघाशी दोनच पाठी म्हणालो ते रागाने, तिसरी याची. खालच्या मोठ्या वळणाचा दगडी बांध त्याने रचलाय, एकट्याने, आणि तो बांध इतका सुंदर आहे की मी आणि सेलेस्तीनो त्यावरून त्याच्यावर अजून जळतो. म्हातारीच्या वेळेपासून तो तिथे कामाला, आणि जमिनीबरोबर तोही लागारेताला विकला गेला म्हणा. नव्या मालकाचं पिकअप घेऊन फिरायला लागल्यापासून माझ्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

तो उभा राहिला, टोपी हातात, आणि म्हणाला, "मी तिथे कधी वाट पाहिली नाही."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती सांगता येत नाही. मी उभाच राहिलो आणि बोलून गेलो. "डॉक्टोरा, आमची हँडलं बघा."

"काय बघा?"

मग सगळं सांगावं लागलं. वाटेच्या मध्यावर दोन सिप्रेस आहेत. म्हातारी झाडं, एकमेकांच्या अंगाला खेटून. आम्ही खणली तेव्हा सायकलींची हँडलं छोटी होती, आरामात निघायचं. मग फॅशन आली, हँडलं रुंद व्हायला लागली. इकडे झाडंही फुगत गेली. मी म्हटलं, एक झाड पाडू. सेलेस्तीनो म्हणाला, "ती आपल्या आधी आलीत. रांगेत आपला नंबर मागे." मग झाडं राहिली आणि हँडलं कापली गेली. गावात नवी सायकल आली की आधी माझ्या दुकानात यायची, दोन्ही बाजूंनी कापून घ्यायची, मग घरी जायची. त्या दोन झाडांना आम्ही जकात नाका म्हणतो. अंगावरचं काहीतरी देऊनच पुढे जायचं. बाहेरगावी शर्यतीला गेलो की लोक हसतात, राडालवाले, तुमच्याकडे हँडलं धुतल्यावर आटतात का रे.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो, "नव्या कोऱ्या सायकलचं हँडल कोणी हौस म्हणून कापतं का?"

मला वाटलं, जिंकलो.

वकील उठला. सावकाश. असल्या माणसांना घाई नसते.

"कापतं कोण?"

"मी."

"करवत कोणाची?"

"माझीच."

"समजा तुम्हाला गावातली सगळी हँडलं गेल्या आठवड्यात कापायची असती. जमलं असतं?"

"एका दिवसात. बिअर असेल तर दोन."

सगळे हसले. जजबाई सोडून.

"वेन्सेस्लाओ," त्या म्हणाल्या, "तुम्ही आख्ख्या जिल्ह्याला उल्लू बनवलंय. मला पण. आता मी तुमच्या करवतीवर विश्वास ठेवायचा?" मग लागारेताकडे वळून म्हणाल्या, "गुरुवारी दुपारनंतर मी स्वतः जागा बघायला येते. सगळे साक्षीदार तिथे हवेत." आणि परत माझ्याकडे. "मला एक तरी हँडल असं दाखवा ज्याला तुमचा हात लागलेला नाही."

बाहेर रुफीनो पिकअपला टेकून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत उभा होता. मी सरळ त्याच्या पुढ्यात.

"डोळे तपासून घे लेका."

"जा वेन्चो."

"तो बांध मग कोणी रचला? गाईंनी?"

"माझं घर त्याच्या जमिनीवर आहे," तो म्हणाला. "तुझं दुकान तुझ्या बापाचं आहे. तुला बोलायला काय जातंय?"

"थू तुझ्या घरावर."

त्याने नळी तोंडातून काढली, मातेचं भांडं गाडीच्या टपावर ठेवलं. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं, मीही दोन दिल्या असत्या. पण तो गाडीत बसला आणि गेला. भांडं टपावरच. फाट्यापर्यंत तसंच होतं म्हणे.

गावात आल्यावर सेलेस्तीनोच्या शेडमध्ये बसलो. हात न लागलेलं हँडल. गावात एकही नाही. माझा हात सगळीकडे.

"एक आहे," मी म्हणालो.

"रुफीनोचं," सेलेस्तीनो म्हणाला. त्यालाही तेच सुचलं होतं. रुफीनोने आपली सायकल स्वतः कापली होती, कारण मी त्याच्याकडे बिअरच्या बाटल्या मागितल्या होत्या. ती सायकल मालकाच्या शेडमध्ये टांगलेली असायची. "तो देणार नाही. आणि तू चोरणार नाहीस."

"चोरली तर पुराव्याची माती होईल, एवढं कळतं मला."

"मग?"

"मग ती स्वतःच्या चाकांवर येईल."

"वेन्चो, जजबाईंच्या दिवशी तुझे चाळे नकोत. ही शेवटची संधी आहे. परवा तिथे काही दिसलं नाही तर तारेचं कुंपण येणार, आणि मग तलाव बघायला डोंगरावर चढायचं."

"चाळे कसले त्यात."

गुरुवारी जेवणं झाली. आमच्याकडे जेवणानंतर सगळा गाव आडवा होतो, लागारेताही त्याला अपवाद नाही, तेवढं एक तो आमच्याकडून शिकला. मी मागच्या ओढ्याने त्याच्या जमिनीत शिरलो. कुत्री धावून आली, मला ओळखून शेपट्या हलवायला लागली, कारण वर्षभर हाडं मीच टाकत आलोय. पिकअप शेडपाशी उभं होतं. मी चारी चाकांच्या व्हॉल्वच्या पिना काढल्या. हवा सुटताना फुस्स आवाज येतो ना, त्या आवाजाने माझ्या मनाला जी शांती मिळाली ती मला रविवारच्या प्रार्थनेत कधी मिळाली नाही. गाडी हळूहळू खाली बसली, थकलेल्या गाईसारखी. पिना खिशात टाकल्या आणि सटकलो.

हिशोब साधा होता. लागारेता वकिलाच्या गाडीतून जाणार. रुफीनोला मागून यायचंय, साक्ष आहे. गाडी बसलेली. चालत लांब पडतं. शेडमध्ये सायकल टांगलेली. माणूस काय करेल?

जागेवर आम्ही आधी पोचलो. जजबाई रबरी बूट घालून आल्या, बरोबर कारकून, मोजायची पट्टी घेऊन. वकिलाचे चकचकीत बूट राखेत घोट्यापर्यंत रुतले, मला तेवढंच बरं वाटलं. लागारेताने नवी टोपी घातली होती.

जमिनीवर खरंच काही उरलं नव्हतं. आमची वळणं, आमचे चर, सगळं उलटंपालटं, डुकरं लोळल्यासारखं. फक्त जकात नाक्यापाशी थोडासा तुकडा शाबूत होता, कारण त्याचं यंत्र त्या दोन झाडांमधून मावलं नाही. वळसा घालून गेलं.

जजबाईंनी सालीवर हात फिरवला. दोन्ही खोडांवर एकाच उंचीला पट्टा घासलेला, गुळगुळीत, काळपट.

"गुरं अंग घासतात," वकील म्हणाला.

"एकाच रेषेत?" सेलेस्तीनो म्हणाला. "फार शिस्तीची गुरं."

"मग ओझ्याचे घोडे."

"मोजून घ्या," जजबाई कारकुनाला म्हणाल्या. त्याने पट्टी लावली, आकडा सांगितला. मी आणलेल्या गावच्या सायकली झाडाला टेकून उभ्या होत्या, सगळ्या बोटभर कमी. जजबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. "तुमच्या करवतीच्या. हे मी धरत नाही, सांगितलं होतं."

"मुकादम कुठे राहिला?" त्यांनी लागारेताला विचारलं. तो फोन वर धरून फिरत होता. तिथे रेंज कधीच नसते.

तेवढ्यात वरून फ्रीव्हीलचा आवाज आला. कट कट कट. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

रुफीनो उतारावरून आला. नांगरलेला भाग त्याने सायकल उचलून पार केला असणार, पण शाबूत तुकड्यावर तो सायकलवर बसलेला होता, बऱ्यापैकी वेगात. मला वाटलं ब्रेक लावेल. इतकी माणसं उभी, मालक उभा. त्याने ब्रेक लावला नाही. झाडांपाशी आला, डावा खांदा किंचित खाली केला, आणि दोघांच्या मधून आरपार गेला. हँडलाच्या दोन्ही टोकांना बोटभर जागा. डोळे रस्त्यावर पण नव्हते त्याचे. दात घासताना माणूस कुठे बघतो? तसं.

तो जजबाईंसमोर थांबला आणि उतरला. "उशीर झाला, माफ करा. गाडीची चाकं बसलीत."

जजबाई सायकलभोवती एक चक्कर मारून आल्या. कारकुनाने न सांगताच पट्टी लावली.

"हे हँडल कोणी कापलं?"

"रुफीनो," वकील म्हणाला, "सांभाळून बोल."

"मी कापलं," रुफीनो म्हणाला.

"वेन्सेस्लाओने नाही?"

"तो फुकट काही करत नाही, बाईसाहेब. शिवाय करवत तिरकी धरतो."

मी पुढे झालो. सेलेस्तीनोने मागून पट्टा धरला.

"का कापलंत?"

रुफीनोने झाडांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "इथून जायचो म्हणून."

"कुठे?"

"तलावावर. इथून अजून कुठे जाणार?"

"कधीपासून?"

"खणली तेव्हापासून. खालच्या वळणाचा बांध मी रचलाय. मातीखाली असेल अजून, दगड काही कुठे जात नाहीत."

"सुनावणीत तुम्ही म्हणालात की वाट कधी पाहिली नाही."

"म्हणालो होतो." एवढंच. ना कारण दिलं, ना मालकाकडे बघितलं.

लागारेताने टोपी काढली आणि परत घातली. "घर रिकामं करून दे," तो म्हणाला. "शनिवारच्या आत." जजबाई तिथेच उभ्या होत्या, त्याला फिकीर नव्हती. त्याक्षणी माझा हात शिवशिवला, पण वकिलाची गाडी लांब उभी होती.

जजबाईंनी खालच्या वळणावर जाऊन माती उकरायला लावली. बांध तिथेच होता. परत वर येऊन त्या लागारेताला म्हणाल्या, कुलूप आजच्या आज काढा, बाकीचं लेखी येईल. आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तो बाण काढा. मी परत जाऊन बघणार आहे."

सगळे पांगले. रुफीनो सायकल घेऊन झाडांपाशी उभा होता. मी गेलो. खिशातून पिना काढून त्याच्या हातावर ठेवल्या, छाती फुगवून, खरं सांगायचं तर. एवढी साधलेली खोडी मी जन्मात केली नव्हती.

त्याने त्या बघितल्या आणि मला परत दिल्या.

"शेडमध्ये कॉम्प्रेसर आहे, वेन्चो. आणि गाडीच्या खणात पिनांची डबी असते."

"म्हणजे?"

"तू काढत होतास तेव्हा मी खिडकीत होतो. म्हातारा झालायस. चौथ्या चाकाशी तुला उठवेना."

"मग गाडी का नाही आणलीस?"

तो हँडलाची मूठ पिळून बघत होता. "ही सैल झालीय," तो म्हणाला. "दुकान कधी उघडं असतं?"

"तुझ्यासाठी बंद."

"बरं."

मी तसाच परत फिरलो. इतका संताप कधी आला नव्हता. लागारेतावरचा वेगळा, तो तर आयुष्यभर पुरेल. पण हा माणूस. आधी आमची वाट नाकारली, मग माझ्या खोडीची हवा काढली, आणि आता मला त्याच्यावर धड रागावताही येईना. सेलेस्तीनो वाटेत म्हणाला की शनिवारी रुफीनोचं सामान त्याच्या शेडमध्ये ठेवू, माझी गाडी लागेल. मी म्हणालो, माझी गाडी नाही मिळणार. शनिवारी मीच चालवली. रुफीनोच्या बायकोने चुलीचा पत्रा माझ्या मांडीवर ठेवला आणि मी सगळा रस्ता शिव्या देत गेलो.

रविवारी फावडी घेऊन वर गेलो, तोही आला. कोणी त्याच्याशी बोललं नाही. दुपारी सेलेस्तीनोने मातेचं भांडं त्याच्याकडे केलं, त्याने घेतलं, मग माझ्याकडे पुढे केलं, मी तोंड दुसरीकडे करून घेतलं. पण घेतलं.

सोमवारी तो सायकल घेऊन दुकानात आला, दारातच टेकवून ठेवली आणि गेला. मी मूठ काढली. आतलं नळीचं टोक बघितलं. मग गुण्या आणला आणि लावला. एकदम काटकोनात, केसाचाही फरक नाही. मग मी माझी स्वतःची सायकल घेतली, मूठ काढली, गुण्या लावला.

आदेलाची सायकल पण शेजारी होती दुरुस्तीला. तिचीही बघितली.

सगळी तिरकी. आख्ख्या गावाची. आणि त्या हरामखोराला इतकी वर्षं माहीत होतं.